आजोबांची वेब्ली : कापायची, की दुसरी घ्यायची?

प्रश्न : माझ्याकडे वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ बोअरचं (म्हणजे नळीच्या आतल्या भोकाच्या मापाचं) मार्क फोर रिव्हॉल्व्हर आहे. आजोबांनी ते १९५६ साली मुंबईतल्या एका दुकानातून घेतलं होतं. पावती अजून जपून ठेवली आहे. आजोबांनंतर ते वडिलांच्या परवान्यावर आलं आणि वडील गेल्यावर रीतसर माझ्या. वडिलांची दुनळी बारा बोअरची बंदूकही माझ्याच परवान्यावर आहे. माझा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. हंगामात बी खरेदीसाठी रोकड घेऊन वाड्यावाड्यांतून फिरावं लागतं, म्हणून रिव्हॉल्व्हर सोबत असतं. आता ते जुनं झालं आहे. पॉलिश उडालं आहे, गेल्या निवडणुकीत ठाण्यात जमा केलं होतं तिथून आल्यावर नळीवर तांबेऱ्याचे ठिपके दिसले. चाप फार जड लागतो. मूठ हातातून निसटते. घोड्याचं, म्हणजे मागच्या हातोडीचं, टोक पर्समध्ये अडकतं. माझा मामेभाऊ म्हणतो, कोल्हापूर भागात त्याच्या ओळखीचा एक टर्नर आहे, तो नळी इंचभर कमी करून देईल, घोड्याचं टोक घासेल, वरून निकेल चढवेल, आणि हवं तर बोअर वाढवून .३८ करून देईल, म्हणजे 'दम' वाढेल. घरचे म्हणतात, हे सगळं करण्यापेक्षा कानपूरचं 'निर्भीक' घे. ते हलकं आहे, बायकांसाठीच काढलंय. आजोबांची वस्तू टाकवत नाही आणि वापरायला त्रास होतो. काय करू?
— एक उद्योजिका, कणकवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी संपादकांना फोन केला आणि हे उत्तर छापून यायच्या आत तुम्हाला एक निरोप पोचवायला सांगितला. तो निरोप इथेही देतो, कारण असे मामेभाऊ आणि असे टर्नर पुष्कळ गावांत आहेत : ते रिव्हॉल्व्हर कुणाच्याही हातात देऊ नका. बघायलासुद्धा नाही.

भारतीय शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ म्हणतं की शस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या प्रत्येक गोष्टीला त्या त्या कामाचा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे तो शस्त्र बाळगण्याचा परवाना. दुरुस्तीचा परवाना वेगळा आणि तो त्या टर्नरकडे नाही. पुढचं कलम ६ तर नळी आखूड करण्याविषयीच आहे. २०१९ साली कायदा बदलला तेव्हा त्याच कलमात आणखी एक गोष्ट आली : एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणं. .३८ हा आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे, .३२ नाही. तेव्हा बोअर वाढवणं म्हणजे साध्या परवान्यातलं शस्त्र निषिद्ध वर्गात नेणं. या कलमांच्या उल्लंघनाला आता किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. २०१९ च्या आधी हीच शिक्षा ३ ते ७ वर्षं होती. तुमच्या भावाच्या मनात वाईट काही नाही हे पत्रावरून कळतं. पण न्यायालयासमोर तुम्ही, तो आणि टर्नर तिघेही एकाच रांगेत उभे राहाल.

आता निकेलबद्दल. निकेल चढवायच्या आधी जुना थर ॲसिडात उतरवतात आणि मग धातू चकचकीत होईपर्यंत बफ मारतात. जे दुकान मोटारसायकलचे सायलेन्सर आणि नळाच्या तोट्या चमकवतं, त्याला शस्त्राच्या अंगावरच्या बारीक अक्षरांचं काय महत्त्व? आणि तुमच्या वेब्लीच्या अंगावर ती अक्षरं भरपूर आहेत. खाली भिंगातून बघायला सांगणार आहे, तेव्हा दिसतील. कलम ८ नुसार शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. बफ मारताना क्रमांक अर्धवट झिजला तरी पुढच्या नूतनीकरणाला ठाण्यातला हवालदार परवान्यावरचा क्रमांक आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळवून बघेल, तेव्हा त्याला तो वाचता आला पाहिजे.

कायद्याचं इतकं पुरे. कायदा नसता तरी मी तुम्हाला नळी कापू दिली नसती, आणि त्याचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मी फौजेच्या यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई विभागात आर्मरर होतो. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांची शस्त्रं उघडण्यात, तपासण्यात आणि परत जोडण्यात गेलं. वेब्लीची घडण मला ठाऊक आहे. बर्मिंगहॅमच्या या कंपनीत १८९७ साली वेब्ली, स्कॉट आणि एलिस अशी तीन घराणी एकत्र आली, पण मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर वेब्ली त्याआधीपासून बनवत होती. ब्रिटिश फौजेनं तिचं मार्क वन १८८७ साली घेतलं. तुमच्या हातात आहे ते त्याच घराण्यातलं धाकटं भावंड. डाव्या अंगाचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी आणि काडतुसं भरायचं सिलिंडर पुढे झुकतात, मधला ताऱ्यासारखा एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. या रचनेत सगळा भार दोन जागांवर येतो : पुढची बिजागरी आणि मागचा खटका. गोळी सुटते तेव्हा नळीला चौकटीशी घट्ट धरून ठेवतो तो हा खटका. म्हणून या शस्त्राला किती दाब सोसायचा आहे हे कारखान्यानं आधी ठरवलं आणि मग पोलाद घेतलं. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे मवाळ काडतूस आहे. अमेरिकन मानकात त्याचा दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड धरतात. तुमची वेब्ली त्यासाठी आहे. सिलिंडरमधल्या काडतुसांच्या दोन खाचांमधली भिंत मुळातच पातळ असते, बोअर वाढवायला तिथे पोलाद उरतंच कुठे? तुमच्या भावाला जो 'दम' हवा आहे तो तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फुटेल.

भिंग घ्या आणि आधी शस्त्र रिकामं आहे याची खात्री करा. उघडा, सहाही खाचा डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. मग नळीच्या मुळाशी आणि सिलिंडरवर बघा. मुकुटाखाली कोरलेली 'बीएनपी' अशी अक्षरं सापडतील. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ सालच्या कायद्यानं सुरू झालं. तिथे प्रत्येक शस्त्रातून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम झाडतात, आणि त्यात शस्त्र टिकलं तरच हा छाप उठतो. मला विचाराल तर अख्ख्या वेब्लीत सर्वांत मौल्यवान हा छापच. तुमच्या आजोबांनी पैसे मोजले ते या छापाला. नळी कापल्यावर, सिलिंडर कोरल्यावर हा छाप अंगावर राहील, पण त्याचा अर्थ राहणार नाही, कारण ज्या शस्त्राची परीक्षा झाली ते हे नव्हेच.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो, कारण त्या खऱ्या आहेत.

चाप जड लागतो. सत्तर वर्षांच्या शस्त्रात याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे आत वाळलेलं तेल. कोकणात मी एक गोष्ट फार पाहिली आहे : घरातली माणसं मायेनं शस्त्राला खोबरेल लावतात. खोबरेल थंडीत गोठतं, पुढे चिकट होतं, धूळ धरतं आणि यंत्राच्या पोटात त्याचा रोगण होतो. परवाना असलेल्या दुरुस्ती करणाऱ्याकडून पूर्ण उघडून साफ करून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानंच चाप निम्मा सुधारतो. तो कारागीर जर म्हणाला की स्प्रिंग कापून हलकी करतो, तर नको म्हणा. घोड्याचा मार कमी पडला तर काडतुसाची टोपी फुटत नाही, आणि ज्या क्षणी तुम्हाला ते लागेल त्या क्षणी नुसता 'टक्' आवाज येईल. स्प्रिंग खरोखर थकली असेल तर नवी घालायची.

आणखी एक. दरवेळी चाप ओढूनच झाडायचं असं नाही. अंगठ्यानं घोडा मागे चढवून मग चाप दाबला तर तो फार हलका लागतो. नेम धरायला हेच बरं. याच कारणासाठी घोड्याचं टोक घासू नका. टोक गेलं की तुमच्यापाशी कायमचा तो जड चाप उरेल.

मूठ निसटते, हा बदल मात्र निर्धास्त करा. वेब्लीच्या मुठीवरचे दोन पल्ले एका स्क्रूवर असतात. अंगावर बरोबर बसणारे लाकडी किंवा रबरी पल्ले करून घेता येतात आणि मूळ पल्ले कापसात गुंडाळून ठेवता येतात. उद्या तुमच्या मुलीनं परत जुने लावले तर रिव्हॉल्व्हर १९५६ सालचं होईल. जुन्या शस्त्रात मी एवढाच बदल मान्य करतो, जो स्क्रू-ड्रायव्हरनं उलटा फिरवता येतो.

पर्सबद्दल रागावू नका, पण सांगतो : पर्समध्ये शस्त्र ठेवणं आजपासून बंद. घोड्याचं टोक अडकतं ही शस्त्राची चूक नाही. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असतं, पर्स खुर्चीवर विसरते, ती कुणीतरी हिसकावून पळतं आणि त्याच्याबरोबर शस्त्रही जातं. कंबरेला किंवा खांद्याला बसणारं, घोड्यावरून पट्टी येणारं पाकीट शिवून घ्या. ते अंगावर असतानाच वापरायचं. घरी आल्यावर शस्त्र त्यातून काढायचं. तांबेऱ्याचे ठिपके ठाण्यातच आले असं तुम्हाला वाटतं, पण तिथे तुम्ही ते चामड्याच्या पाकिटातच जमा केलं होतं का? चामडं हवेतला ओलावा शोषतं आणि कमावताना वापरलेली आम्लं त्यात उरलेली असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्यात बंद असलेलं पोलाद गंजणारच. पुढच्या वेळी जमा करताना नळीत आणि अंगावर पातळ यंत्रतेलाचा हात फिरवा, सुती कापडात गुंडाळा, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, आणि पावतीवर शस्त्राची स्थिती लिहून घ्या. आत्ताचे ठिपके वरवरचे असतील तर तेल आणि अगदी मऊ कापड इतकंच. सँडपेपर लावू नका. खड्डे आतल्या बाजूला, सिलिंडरच्या खाचांत असतील तर गोष्ट वेगळी, आणि ती तपासणीत कळेल.

म्हणून पहिलं काम तपासणी. जिल्ह्यात किंवा कोल्हापूर-पुण्याला दुरुस्तीचा परवाना असलेलं दुकान शोधा, परवाना डोळ्यांनी बघा. त्यांना चार गोष्टी विचारा. घोडा चढवलेला असताना सिलिंडर डोलतं का. प्रत्येक खाच नळीसमोर बरोबर येते का. खटका बंद केल्यावर नळी हलते का. खाचांत आणि नळीत खड्डे किंवा फुगवटा आहे का. या चारांची उत्तरं चांगली आली तर ताई, तुम्हाला नवं काही घ्यायची गरज नाही. साफसफाई, नवे पल्ले, नवं पाकीट, एवढ्यावर तुमची वेब्ली तुम्हाला तुमच्या आयुष्यभर पुरेल. काडतुसाचीही चिंता नाही. .३२ ची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात, बुडावर 'केएफ' असा छाप असतो. हा कारखाना १८६९ सालचा आहे. फक्त एक जपा : .३२ नावाचं दुसरं काडतूस पिस्तुलाचं असतं, ७.६५ मिमीचं. ते तुमच्या सिलिंडरमध्ये कसंबसं बसतंही, पण त्याचा दाब २०,५०० पर्यंत जातो. दुकानात 'बत्तीसची द्या' म्हणू नका, 'बत्तीस रिव्हॉल्व्हरची, लाँग' म्हणा आणि डबा वाचून घ्या.

तपासणीत खटका किंवा बिजागरी थकलेली निघाली, खाचांत खोल खड्डे निघाले, तर मात्र ते शस्त्र तुमच्या संरक्षणासाठी वापरू नका. तेव्हा दुसरं घ्या. मी त्याच्या बाजूनं आहे, आणि तुम्ही एकटीनं रोकड घेऊन फिरता म्हणून जोर देऊन सांगतो.

इथे तुमची खरी अडचण येते, जी घरच्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. २०१९ पर्यंत एका माणसाला परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता येत होती. आता दोनच. वारशानं आलेल्यांनाही तीच मर्यादा आहे. तुमच्या परवान्यावर वेब्ली आणि बारा बोअर अशी दोन आहेत. नवं घ्यायचं तर एक जाणार.

घरच्यांना वाटतं की वेब्ली जावी. मला वाटतं, बारा बोअर जावी. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलं होतं (जागेअभावी इथे छापलेलं नाही) की वडिलांची आंब्याची बाग चुलतभाऊ बघतो आणि डुकरं-वानरांचा त्रास त्यालाच आहे. तर बंदुकीची गरज त्याला आहे, तुम्हाला नाही. आत्ता ती त्याच्या हातात देणं बेकायदा आहे, मग बाग कितीही सामाईक असो. त्यानं स्वतः जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, २०१६ च्या नियमांप्रमाणे लागणारं सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं आणि परवाना मिळाल्यावर तुम्ही ती त्याच्या नावावर करून द्यावी. परवानाधारकानं आपलं शस्त्र दुसऱ्या पात्र माणसाला देताना ४५ दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवावं लागतं, ते विसरू नका. त्यालाही सांगा, परवाना मिळाला म्हणून डुकरावर बार टाकता येत नाही. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. अशा रीतीनं वडिलांची बंदूक वडिलांच्या बागेत राहील, तुमच्या परवान्यावर जागा होईल आणि आजोबांची वेब्ली, झाडण्याजोगी नसली तरी, तुमच्याकडे राहील.

आणि वेब्ली विकायचीच झाली तर पडेल भावात देऊ नका. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य माणसाला परदेशी शस्त्र मागवणं जवळजवळ बंद आहे. जी आहेत ती तेवढीच. मूळ पल्ले, वाचता येणारे छाप, आजोबांची पावती असलेल्या वेब्लीला चांगले ग्राहक आहेत. नळी कापलेली, निकेल चढवलेली वेब्ली तोच ग्राहक हातात घेऊन परत ठेवेल.

आता कोणतं नवं, ते. 'निर्भीक' कानपूरच्या कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणलं. टायटॅनियम मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. काडतूस तेच, सहाच गोळ्या, आणि गंमत बघा, उघडण्याची पद्धतही वेब्लीचीच. कानपूरचं आधीचं .३२ मार्क वनसुद्धा वेब्लीच्याच आराखड्यावर बेतलेलं आहे. म्हणजे तुमच्या हाताला जी सवय आहे ती वाया जाणार नाही. पण 'हलकं म्हणून बायकांसाठी' हे मला पटत नाही. हलकं शस्त्र बाळगायला सोपं असतं आणि झाडायला अवघड, कारण त्याच काडतुसाचा धक्का कमी वजनावर येतो आणि तो मनगटात जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं 'प्रबल' आणलं. ते जवळपास ७०० ग्रॅमचं आहे, नळी ७६ मिलिमीटर, आणि सिलिंडर बाजूला उघडतं. बाजूला उघडणाऱ्या रचनेत चौकट अखंड राहते, मधे बिजागरी नसते, म्हणून ती जास्त भक्कम. तुमचं वर्णन वाचून माझा कल 'प्रबल'कडे आहे. मात्र पैसे भरण्याआधी दोन्ही हातात घ्या, रिकामी असताना चाप ओढून बघा, मुठीवर करंगळी बसते का बघा. आणि घेतल्यावर रायफल क्लबमध्ये जा. जिल्ह्यात सोय नसेल तर मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेलं, कधी न झाडलेलं रिव्हॉल्व्हर रोकड वाचवत नाही.

तपासणीचा कागद मिळाला की मला पाठवा. त्यावरून पुढचं सांगेन.

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. पणजोबा १०३ व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूतच्या वेढ्यात सापडले. त्या आठवणीपोटी मी इथे एक वेब्ली मार्क सिक्स घेतलं, .४५५ चं, मूळ अवस्थेतलं. इथला एक गनस्मिथ सांगतो की .४५५ ची काडतुसं महाग पडतात, सिलिंडरची मागची बाजू घासून घेतली तर .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस चालेल, ते कुठेही मिळतं. इथे हे कायदेशीर आहे. करावं का?

उत्तर : नको. कायद्याची आडकाठी नाही म्हणून तर जास्त विचारानं नको म्हणतो.

तुमच्या आधी हे पुष्कळांनी केलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेची शिल्लक वेब्ली अमेरिकेत स्वस्तात आली आणि काडतूस मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांनी हजारो सिलिंडर घासून टाकली. म्हणूनच आज न घासलेलं मार्क सिक्स तुमच्याकडे आहे याची किंमत आहे. .४५ एसीपीचा कमाल दाब दर चौरस इंचाला २१,००० पौंड धरतात. .४५५ चा १३,००० च्या आसपास. वेब्लीची प्रूफ परीक्षा .४५५ च्या हिशेबानं झालेली. बाजारातलं .४५ एसीपी त्यातून झाडणं म्हणजे कारखान्यानं एकदाच, परीक्षेपुरता दिलेला ताण तुम्ही दर रविवारी सहा-सहा वेळा देणं. शंभर वर्षांच्या खटक्याला ते सोसत नाही. आधी खटका सैल होतो, मग नळी हलायला लागते, आणि कधी कधी सिलिंडरच फाटतं.

.४५५ मिळतं. इटलीची फिओकी कंपनी अजून बनवते. महाग आहे हे खरं, पण पणजोबांच्या आठवणीसाठी घेतलेल्या शस्त्रातून वर्षाला किती झाडणार? रिकामी पितळी काडतुसं जपून ठेवा, तुमच्याकडे ती पुन्हा भरून घेणारी जाणकार माणसं आहेत. दाब मात्र मवाळच ठेवायला सांगा.

आणि .४५ एसीपी मनसोक्त झाडायचं असेल तर दुसरं रिव्हॉल्व्हर घ्या. त्यासाठीच बनवलेलं आहे : मॉडेल १९१७. पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेला 'मॉडेल १९११' पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांनीही आपलं मोठं रिव्हॉल्व्हर .४५ एसीपीसाठी तयार केलं. त्या काडतुसाला कडा नसते, म्हणून तीन-तीन काडतुसं अर्धचंद्र पट्टीत बसवून भरतात. गनस्मिथ तुमच्या वेब्लीत जे कापून करू पाहतो आहे, ते तिथे मुळातून आणि पुरेशा पोलादात केलेलं आहे. जुन्याचा सोस नसेल तर स्मिथ अँड वेसनचं ६२५ घ्या, ते आणखी भक्कम आहे.

एक माहिती म्हणून : मार्क सिक्स १९१५ साली फौजेत आलं, आणि कूत २९ एप्रिल १९१६ रोजी पडलं. रिव्हॉल्व्हर बाळगत ते अधिकारी. तुमच्या पणजोबांच्या हातात ली-एन्फिल्ड रायफल असणार. त्यांची पलटण शोधायची असेल तर रेजिमेंटचं केंद्र आज बेळगावला आहे, तिथे लिहा. पत्रात पणजोबांचं पूर्ण नाव, गाव, आणि माहीत असेल तर शिपाई क्रमांक लिहा.